औषधनिर्मात्याची घडण : पदवी अभ्यासक्रमातील चार वर्षे

डॉक्टरांनी रोगाचे निदान केले, चिठ्ठीवर औषध लिहून दिले, म्हणजे उपचार पूर्ण झाला असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते औषध निर्दोष स्वरूपात व योग्य मात्रेत रुग्णाच्या हाती पडेपर्यंत, आणि ते केव्हा व कसे घ्यावयाचे हे त्याला नीट उमजेपर्यंत उपचाराचे बरेचसे काम शिल्लकच राहिलेले असते. हे उरलेले काम कायद्याने ज्याच्याकडे सोपविले आहे तो औषधनिर्माता. औषध रुग्णाच्या मुखी जाण्यापूर्वी त्यावर पडणारी अखेरची जाणकार नजर त्याची असते.

बारावीनंतर विज्ञान शाखेचे अनेक विद्यार्थी वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेश हुकल्यावर औषधनिर्माणशास्त्राकडे, म्हणजे बी. फार्म.च्या पदवी अभ्यासक्रमाकडे वळतात. तसे वळण्यात काही गैर नाही. परंतु पहिल्याच सत्रात रसायनशास्त्रापासून शरीरक्रियाशास्त्रापर्यंत विषयांची जी रास पुढ्यात येते, ती पाहून पुष्कळांचा गोंधळ उडतो. पुढे दुकानात पाकिटातील गोळ्याच द्यावयाच्या असतील तर प्रयोगशाळेत ब्युरेट धरून अनुमापने कशाला करावयाची, असा प्रश्न त्यांना पडतो. या प्रश्नाचे उत्तर वेळीच मिळाले नाही तर चार वर्षे केवळ परीक्षा उत्तीर्ण होण्यात निघून जातात आणि पदवी हाती येते तेव्हा व्यवसायाची तयारी झालेली नसते.

मिश्रकापासून औषधनिर्मात्यापर्यंत

दवाखान्यातील कंपाउंडर म्हणजे मिश्रक ही जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाची व्यक्ती. काचेच्या बाटलीत लालसर मिश्रण भरून, कातरलेल्या कागदाची पट्टी बाटलीला चिकटवून तो मात्रांच्या खुणा करून देत असे. त्याचे शिक्षण बहुधा दवाखान्यातच, पाहून पाहून झालेले असे. देशातील औषधांची परिस्थिती तपासण्यासाठी कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९३१ मध्ये आपला अहवाल दिला व त्यात औषधांवरील नियंत्रणाबरोबरच या व्यवसायाच्या रीतसर शिक्षणाची निकड दाखवून दिली. त्यानंतर लवकरच बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. महादेवलाल श्रॉफ यांच्या प्रयत्नांनी औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यापीठीय शिक्षणास प्रारंभ झाला. १९४० मध्ये औषधांच्या गुणवत्तेसंबंधीचा कायदा झाला, १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला आणि त्यान्वये भारतीय फार्मसी परिषद स्थापन होऊन १९५३ मध्ये शिक्षणविषयक पहिले विनियम तयार झाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध तयार करून देण्याचा अधिकार या कायद्याने नोंदणीकृत औषधनिर्मात्यापुरता मर्यादित केला. ग्रामीण रुग्णालयांतील व प्राथमिक आरोग्य केंद्रांतील 'मिश्रक' पुढे 'औषधनिर्माता' आणि मग 'औषधनिर्माण अधिकारी' झाला. पदाचे नाव बदलले त्यामागे शिक्षणाचा हा इतिहास आहे.

प्रवेशापूर्वी

बी. फार्म.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा आहे. बारावीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र आवश्यक असून त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र असावे लागते. महाराष्ट्रात प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत परीक्षा घेतली जाते. दोन वर्षांची पदविका म्हणजे डी. फार्म. हाही नोंदणीस पात्र करणारा अभ्यासक्रम असून पदविकाधारकास पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो. रुग्णालयात डॉक्टरांसमवेत प्रत्यक्ष रुग्णसेवेचे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी २००८ पासून फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रमही उपलब्ध झाला आहे. त्यातील अखेरचे वर्ष आंतरवासितेचे असते.

येथे पालकांनी एका बाबीकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. महाविद्यालयाची इमारत मोठी आहे, शुल्क भरले आहे, विद्यापीठाची संलग्नताही आहे, एवढ्याने भागत नाही. फार्मसी कायद्याच्या कलम १२ अन्वये भारतीय फार्मसी परिषदेची त्या अभ्यासक्रमास मान्यता असेल तरच उत्तीर्ण विद्यार्थ्यास औषधनिर्माता म्हणून नोंदणी मिळू शकते. औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाबाबत या परिषदेचाच अधिकार चालतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. त्या प्रकरणात विदर्भातील एक संस्थाही पक्षकार होती. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत महाविद्यालयाचे नाव आणि मान्यतेचे वर्ष पाहून घेण्यास अर्धा तास पुरतो. हा अर्धा तास न काढल्यास चार वर्षांचे श्रम व कुटुंबाचा पैसा अडकून पडण्याचा धोका असतो.

कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आदी ठिकाणी शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये आहेत. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून राज्य शासनाने केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा पूर्ण लाभ देण्याचे ठरविले. औषधनिर्माणशास्त्राची पदवीही व्यावसायिक अभ्यासक्रमांत मोडते, ही गोष्ट ग्रामीण भागातील पालकांपर्यंत पोहोचावयास हवी.

पायाभरणीचे विषय

परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार आखलेल्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, असेंद्रिय व सेंद्रिय रसायनशास्त्र, औषधांचे विश्लेषण, जीवरसायनशास्त्र, विकृतिशरीरक्रियाशास्त्र असे विषय येतात. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यास पूरक गणित आणि गणित घेतलेल्यास पूरक जीवशास्त्र शिकावे लागते. पुष्कळ विद्यार्थी या पूरक विषयांकडे कामापुरतेच पाहतात. हे योग्य नाही. औषधनिर्मात्याच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी पुष्कळशा साध्या त्रैराशिकाच्या चुका असतात, याचे एक उदाहरण पुढे येणारच आहे.

दुसऱ्या वर्षी भौतिक औषधनिर्माणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्मितीचे अभियांत्रिकी अंग, औषधांची शरीरातील क्रिया सांगणारे औषधक्रियाशास्त्र आणि वनस्पतिजन्य औषधांची ओळख करून देणारे फार्माकोग्नसी हे विषय सुरू होतात. अंगणातील सदाफुलीपासून कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टिन व व्हिन्ब्लास्टिन ही औषधे मिळतात, कुंपणाच्या अडुळशात व्हॅसिसिन असते, हे विद्यार्थ्यास येथे कळते. तिसऱ्या व चौथ्या वर्षी औषधांचे रसायनशास्त्र, औद्योगिक औषधनिर्मिती, गुणवत्ता हमी, औषधविषयक कायदे, यांत्रिक विश्लेषणपद्धती, औषधव्यवसाय आणि जीवसांख्यिकी यांचा अभ्यास होतो व अखेरीस एक प्रकल्प सादर करावा लागतो.

ही नामावळी परिचयपुस्तिकेतही वाचावयास मिळते. प्रत्येक विषय औषधखिडकीशी येऊन कसा मिळतो, हे मात्र पुस्तिकेत नसते.

एक चमचा औषध

८ किलो वजनाच्या तान्ह्या मुलास ताप आला आहे असे समजू. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलास ८० ते १२० मिलिग्रॅम एवढी होते. बाजारात हे औषध पातळ स्वरूपात निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असते, दुसरीत तेवढ्याच द्रवात २५० मिलिग्रॅम, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. 'एक चमचा द्या' एवढेच आईच्या ध्यानात राहिले, तर पहिल्या बाटलीतून मुलास योग्य मात्रा मिळेल, दुसरीतून दुपटीहून अधिक आणि तिसरीतून ५०० मिलिग्रॅम, म्हणजे कमाल मात्रेच्या चौपटीहून अधिक. असे दिवसातून चार वेळा घडले तर मुलाच्या यकृतास इजा पोहोचू शकते. थेंबांची बाटली लहान असल्याने ती सौम्य असावी अशी समजूत मात्र घरोघरी असते! बाटलीवरील आकडा वाचणे, मुलाचे वजन विचारणे, मनात त्रैराशिक मांडणे आणि मापाची टोपी किंवा ड्रॉपर आईला दाखवून 'इथपर्यंत' असे सांगणे, या कामाला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. पूरक गणित, शरीरक्रियाशास्त्र, औषधक्रियाशास्त्र व संभाषणकौशल्य असे चार विषय त्या दोन मिनिटांत एकत्र येतात.

इन्शुलिनचेही असेच आहे. आपल्याकडे कुपीतील इन्शुलिन सामान्यतः दर मिलिलिटरला ४० युनिट तीव्रतेचे, तर पेनमधील १०० युनिट तीव्रतेचे असते. सिरिंजही त्या त्या तीव्रतेप्रमाणे वेगळी असते. ४० च्या कुपीसाठी १०० ची सिरिंज दिली गेली आणि रुग्णाने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर त्याला २० ऐवजी ८ युनिटच मिळतील. उलट चूक झाली तर ५० युनिट जातील व रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरेल. रुग्ण रोज नेमाने सुई टोचून घेत असतो आणि दोष मात्र दुकानातून आलेल्या सिरिंजमध्ये असतो.

आता रसायनशास्त्राकडे वळू. अ‍ॅमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक लहान मुलांसाठी कोरड्या भुकटीच्या रूपात बाटलीत मिळते आणि खुणेपर्यंत पाणी घालून ते तयार करावे लागते. ते आधीच पातळ करून का विकत नाहीत, असे ग्राहक विचारतात. या औषधाच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. औषधाचा गुण या कड्यात असतो आणि पाण्याच्या सान्निध्यात हे कडे हळूहळू तुटते. म्हणूनच पाणी उकळून गार केलेले असावे व तयार औषध सर्वसाधारणपणे सात दिवसांत संपवावे. मागच्या आजारपणातील उरलेली बाटली पुन्हा वापरू नये, हे सांगण्याचे कारणही हेच. ज्या विद्यार्थ्याने ते कडे फळ्यावरून वहीत उतरवून परीक्षेपुरते पाठ केले, त्याला हे सांगणे सुचत नाही. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नये, कारण दुधातील कॅल्शियम त्यास बांधून ठेवते. बाटली 'हलवून घ्यावी', कारण द्रवात तरंगणारे कण खाली बसतात व वरचा चमचा फिका, तळाचा तीव्र होतो. आतड्यात विरघळणारे आवरण असलेली गोळी कुटून देऊ नये. यांतील प्रत्येक सूचनेमागे अभ्यासक्रमातील एखादे प्रकरण आहे.

सर्वांत कडक इशारा मेथोट्रेक्सेटबाबत द्यावा लागतो. संधिवातावर हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. समजुतीच्या घोटाळ्याने ते रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेवर घातक परिणाम होऊन रुग्ण दगावू शकतो. येथे रुग्णास वार नेमून देऊन, तो पाकिटावर लिहून व त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतल्याखेरीज औषध हाती देऊ नये.

पाठ्यपुस्तके इंग्रजीत, अध्यापन बव्हंशी इंग्रजीत, आणि रुग्ण मात्र मराठी, अहिराणी किंवा गोंडी बोलणारा, ही या व्यवसायातील एक अडचण आहे. 'दिवसातून तीन वेळा' म्हटले की सकाळी न्याहरीबरोबर, दुपारी व दिवेलागणीला असा अर्थ घेऊन रुग्ण दहा तासांत तिन्ही मात्रा संपवितो. प्रतिजैविकाच्या बाबतीत अपेक्षा बहुधा दर आठ तासांची असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी इंग्रजी परिभाषेची धास्ती वाटते हे खरे. पण खिडकीपाशी उभे राहिल्यावर त्याचीच भाषा अधिक उपयोगी पडते.

विश्लेषणाचा धडा

अनुमापन कशाला, या प्रश्नाचे उत्तर मुंबईने १९८६ साली फार मोठी किंमत देऊन मिळविले. सर ज. जी. रुग्णालयात उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली व औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतील दोष उघड केले. हे दोन्ही द्रव रंगहीन, दाट व गोडसर असतात. डोळ्यांना किंवा जिभेला त्यांतील फरक कळत नाही. तो कळतो प्रयोगशाळेतच. अमेरिकेत १९३७ मध्ये याच द्रव्यामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली होती आणि त्यातून तेथे औषधांचा नवा कायदा आला. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून हेच विष लहान मुलांच्या पोटात गेले व अनेक मुलांचा अंत झाला.

अशा द्रवाची परीक्षा करण्यासाठी लागणारी गॅस क्रोमॅटोग्राफी विद्यार्थी सातव्या सत्रात शिकतो. तिच्या मुळाशी असलेली शुद्धता, अशुद्धींची मर्यादा, नमुना घेण्याची शिस्त ही तत्त्वे तो पहिल्या सत्रातच शिकलेला असतो. ब्युरेटवरील वाचन जुळत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीतील आकडा उतरवून घेणे हा महाविद्यालयीन जीवनातील किरकोळ खोडसाळपणा मानला जातो. कारखान्यातील गुणनियंत्रण विभागात हीच सवय बरोबर आली, तर कच्च्या मालाच्या पिंपावर न तपासताच 'मंजूर' अशी चिठ्ठी लागते. औषध कारखान्यातील उत्पादन पात्र तांत्रिक व्यक्तींच्या देखरेखीखाली व्हावे असा नियम असून, औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर १८ महिन्यांच्या प्रत्यक्ष अनुभवानंतर अशा जबाबदारीस पात्र ठरतो. म्हणजे वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी त्याच्या स्वाक्षरीवर हजारो बाटल्या बाजारात जाऊ शकतात.

कायदा आणि प्रत्यक्ष काम

पाचव्या सत्रातील कायद्याचा विषय कंटाळवाणा म्हणून ओळखला जातो. परंतु १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४८ चा फार्मसी कायदा, जादूटोण्याच्या औषधी जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदा, अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा आणि २०१३ चा औषधांच्या किमतींवरील आदेश यांच्याशी औषधनिर्मात्याचा संबंध रोजच येतो. मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या अनुसूची एच-१ मधील औषधांची, ज्यांत काही प्रतिजैविके व क्षयरोगावरील औषधे येतात, स्वतंत्र नोंदवही ठेवून डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असताना या वहीचे महत्त्व केवळ कागदोपत्री नाही. चिठ्ठीविना प्रतिजैविक मागणाऱ्या ओळखीच्या ग्राहकास 'नाही' म्हणणे मात्र कोणत्याही सत्रात शिकविले जात नाही.

अभ्यासक्रमाची एक उणीव येथे नमूद करावयास हवी. सहाव्या सत्रानंतर विद्यार्थ्याने कारखाना, रुग्णालय किंवा औषध दुकान यांपैकी एखाद्या ठिकाणी चार आठवड्यांत किमान १५० तास काम करावे अशी तरतूद आहे. पदविकेच्या विद्यार्थ्यास मात्र किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. पदवीधराची शास्त्रीय बैठक पक्की असली, तरी औषधखिडकीचा त्याचा सराव तुलनेने तोकडा राहतो. म्हणून दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या सुट्ट्यांत शासकीय रुग्णालयाच्या किंवा गावातील चांगल्या दुकानाच्या औषधनिर्मात्याजवळ बसून चिठ्ठ्या वाचण्याचा अभ्यास करणे हितावह ठरते. रक्तदाबावरील हायड्रालाझिन आणि खाजेवरील हायड्रॉक्सिझिन घाईच्या अक्षरात किती सारखी दिसतात, हे पुस्तकातून उमगत नाही. शंका आल्यास अंदाजाने औषध न देता डॉक्टरांना दूरध्वनी करण्याची सवयही तेथेच लागते.

पदवीनंतर

पदवीधरास दुकान, रुग्णालय, कारखाना, संशोधन, विक्री व अध्यापन असे मार्ग मोकळे असतात. महाराष्ट्रात तारापूर व वाळूज, तर शेजारच्या गोव्यात वेर्णा येथील औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. अन्न व औषध प्रशासनातील औषध निरीक्षकाच्या पदासही ही पदवी पात्र ठरते. पदव्युत्तर शिक्षणासाठी जीपॅट ही राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा घेतली जाते.

दुकान किंवा रुग्णालयात औषधे देण्याचे काम करण्यासाठी महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे नोंदणी करून वेळोवेळी तिचे नूतनीकरण करणे आवश्यक असते. नोंदणी झाल्याबरोबर अनेकांकडे एक प्रस्ताव येतो: दुकानात येण्याची गरज नाही, प्रमाणपत्र भिंतीवर राहू द्यावे, दरमहा ठराविक रक्कम घरपोच मिळेल. नव्या पदवीधरास ही आयती मिळकत वाटते. चिठ्ठीवरील औषधे नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिली गेली पाहिजेत असा नियम आहे. तपासणीत तो गैरहजर आढळल्यास दुकानाचा परवाना अडचणीत येतो व त्याची नोंदणीही धोक्यात येते. आणि त्याच्या नावाच्या चौकटीखाली उभा राहून, थेंबांची बाटली 'एक चमचा द्या' असे सांगत आईच्या हाती देणारा त्या वेळी दुसराच कोणी असतो.